गाजराचा रंग

४ जानेवारी

पुष्कळ वर्षांनी वही उघडून बसलोय. कोणाशी तरी बोलावंसं वाटतंय, आणि ज्याच्याशी एरवी बोलतो त्या दादाशी आज बोलण्यात काही अर्थ नाही.

सकाळी कारखान्याचं कुलूप काढतोय तोच खाणवाल्याचा फोन आला. नदीपलीकडच्या दगडखाणीचा मालक, बाबांच्या वेळेपासूनचं आमचं गिऱ्हाईक. त्याला आम्ही शॅकल करून देतो, म्हणजे घोड्याच्या नालेसारखी जाडजूड पोलादी कडी, तोंडाशी आडवा बोल्ट. क्रेनचा दोर आणि दगडाची साखळी तिनं जोडायची. आज पहाटे कडाक्याच्या थंडीत त्यातली एक कडी तुटली आणि खोलीएवढा दगड ट्रकवर आला. ड्रायव्हर हात शेकायला शेकोटीकडे गेला होता म्हणून वाचला. खाणवाला ओरडला नाही, हळू आवाजात बोलला. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुपारी त्यानं तुटकी कडी पाठवली. मी ती खिडकीपाशी धरली. चांगलं पोलाद मोडायच्या आधी ताणतं, वाकतं, कुरकुर करतं, आणि मोडलेली जागा राखाडी, धाग्याधाग्यांची दिसते. त्याला आमच्या घरात ‘दोर’ म्हणतात. वाईट पोलाद कोणाला न सांगता मोडतं आणि आतून दाणेदार चकाकतं. ती ‘साखर’. ही नुसती साखर होती.

कडी दादाच्या हातात दिली. त्यानं दिव्याखाली धरून इकडून तिकडून फिरवली आणि म्हणाला, दोर आहे. मी म्हटलं, अरे चमचमतंय. तर म्हणे, तुला लहानपणापासून सगळंच चमचमतं. दादानं एकदा गाढवाला घोडा म्हटलं की तो त्याच्यावर बसून वरात काढायला तयार असतो.

५ जानेवारी

तुटक्या कडीतून कापलेले नमुने आज झोक्यावर मोडले.

झोका म्हणजे धक्क्याची चाचणी करायचं यंत्र. खांबाला लोंबणारा जड हातोडा. बोटाएवढा चौकोनी तुकडा घ्यायचा, मधोमध खाच पाडायची, थंडगार रसायनात बुडवायचा. मग चिमट्यानं काढून लगोलग दोन टेकूंवर ठेवायचा, खाच हातोड्याच्या उलट बाजूला, आणि हातोडा सोडायचा. तुकडा मोडून हातोडा पलीकडे किती चढतो ते बघायचं. चिवट तुकडा हातोड्याला दमवतो. ठिसूळ तुकडा टिचकन मोडतो आणि हातोडा पलीकडे उंच जातो, जणू वाटेत कोणी आलंच नव्हतं. तुकड्यानं मोडताना किती ताकद खाल्ली ते काटा दाखवतो. आमच्या कडीला काटा चाळिसाच्या पुढे हवा. एकही नमुना दहापर्यंत पोचला नाही.

आधी यंत्रावर संशय घेतला. रिकामा झोका सोडून पाहिला, काटा बरोबर शून्यावर. म्हातारं आहे पण खोटं बोलत नाही.

याला झोका हे नाव दादानं दिलं. बाबांनी हे यंत्र आणलं तेव्हा आम्ही दोघं अर्ध्या चड्डीत होतो. मोडलेल्या तुकड्यांचं आम्ही गाव करायचो. साखरवाले तुकडे श्रीमंतांची घरं, दोरवाले गरिबांची. बाबा म्हणायचे, राहायला जायचं तर गरिबांच्या घरात जा, छप्पर डोक्यावर पडणार नाही. त्या खोलीला तेव्हाही हाच वास होता, गरम लोखंड तेलात बुडवल्याचा. आई आमचे कपडे वेगळे धुवायची आणि वास जात नाही म्हणून रोज बोलायची. आज झोक्याचा खटका ओढताना ते सगळं आठवलं आणि मी खुळ्यासारखा हातोडा धरून उभा राहिलो.

खाणवाल्यानं कधी चाचणीचा दाखला मागितला नव्हता, म्हणून त्याचा माल झोक्यावर येतच नव्हता. दाखला लागतो तो थोडा माल माझ्या खोलीतल्या छोट्या विजेच्या भट्टीत होतो. आधी बाबांचा शब्द पुरायचा, मग दादाचा.

६ जानेवारी

आज खाणवाल्यानं सरळ विचारलं. त्याच खेपेच्या बाकीच्या कड्या खाणीत लागलेल्या आहेत, खाली माणसं काम करतात. ठेवू का काढू?

मी तोंड उघडायच्या आत दादानं फोन घेतला. म्हणाला, खुशाल लावा, एक सळई खराब निघाली असेल, बाकी माल माझ्या हातचा आहे. खाणवाला ‘बरं’ म्हणाला. दादाच्या हातचा म्हटल्यावर तो दुसरं काय म्हणणार?

मी तिथेच उभा होतो, मूग गिळून. माझ्याकडे आकडे होते. पण दादा फोनवर बोलत असताना मधे बोलायची मला सवयच नाही. साठी आली तरी मी धाकटा तो धाकटाच.

८ जानेवारी

दोन दिवस झोप नीट नाही. दगड दिसतो.

दादाचा आता सळईवाल्यावर राग. त्याला फोन करून वाटेल ते बोलला. चोर सोडून संन्याशाला फाशी नको म्हणून मी शिल्लक सळईतला एक तुकडा घेतला, माझ्या खोलीतल्या छोट्या विजेच्या भट्टीत ठरल्या तापमानाला तापवला, तेलात विझवला, परत हलका तापवला, आणि झोक्यावर ठेवला. काटा साठाच्या पुढे गेला. मोडलेली जागा बाबांनी मिठी मारली असती अशी राखाडी. म्हणजे सळई उत्तम आहे.

मग बिघडलं कुठे? तेल जुनं झालं असेल. किंवा मोठ्या भट्टीचा एखादा बर्नर जास्त पेटत असेल. भट्टीचा तापमापक असता तर कळलं असतं, पण गेल्या वर्षापासून तो खोटं बोलायला लागला म्हणून दादानं त्याची वायर काढून टाकली. गंमत म्हणजे नवीन बसवून घेतला तर तोही तेच खोटं बोलायला लागला. हल्ली वस्तूच तशा येतात.

दादाचं एक नवीनच खूळ निघालंय. कारखान्यात सगळीकडे मोठे दिवे लावून घेतलेत. म्हातारपणी माणूस हात आखडता घेतो, आमचे बंधू विजेचं बिल वाढवतायत. वर्तमानपत्रवाल्यालाही झापलं, शाई फिकी वापरतो म्हणून. आता वहिनी त्याला सकाळी पेपर वाचून दाखवतात. या वयात असली लाडीगोडी बघून मला मौज वाटते. मी वरच्या मजल्यावर एकटा राहतो, माझा पेपर माझा मलाच वाचावा लागतो.

९ जानेवारी

आज बसनं खाणीवर गेलो. दादाला सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे चाललोय.

खाणवाल्याला म्हटलं, सगळ्या कड्या आत्ता काढा, माझ्यासमोर. तो म्हणाला, पण मोठे बंधू तर म्हणाले... मी म्हटलं, मोठे बंधू चुकले. हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा उच्चारलं असेन. त्यानं माझ्याकडे जरा पाहिलं आणि मुकादमाला हाक मारली.

कड्या काढून होईपर्यंत मी क्रेनखाली उभा होतो. वाचलेला ड्रायव्हर तिथेच होता. ट्रकची केबिन चपातीसारखी झालीय, ती त्यानं मला हौसेनं दाखवली. म्हणाला, त्या दिवशी थंडी नसती तर मी इथे बसलो असतो. त्याला कसं सांगू, थंडी नसती तर कडी कदाचित तुटलीही नसती. ठिसूळ पोलाद उन्हात निभावून नेतं, थंडीत दगा देतं.

काढलेल्या कड्यांचं पोतं टेम्पोतून आणलं आणि अंगणात ताडपत्रीखाली ठेवलं. नवीन माल देईपर्यंत खाणीचं काम अडणार. आता कारण सापडायला हवं, नाहीतर पुढचा मालही असाच व्हायचा. कारण सापडलं की दादाला सगळं सांगीन.

संध्याकाळी दादानं विचारलं, दात काढला का? मी म्हटलं, किडलेला आहे पण कोणता ते अजून कळलं नाही.

११ जानेवारी

पोत्यातल्या चार कड्या मोडून पाहिल्या. चारही साखर. म्हणजे ही एका सळईची गोष्ट नाही, अख्ख्या भट्टीची आहे. दाणा एवढा मोठा होतो तो पोलाद फार तापवल्यावर. इथेच घोडं पेंड खातंय, कारण भट्टीवर दादा बसतो, आणि दादा फार तापवेल हे होणंच नाही.

बाबांनी आम्हाला रंग शिकवले ते या भट्टीसमोर. ते लोखंडी स्टुलावर, आम्ही दोघं दोन बाजूंना. तापत्या लोखंडाचे रंग त्यांनी आईच्या भाजीच्या टोपलीतून उचलले होते. आधी बीट, मग गाजर, मग संत्रं, मग लिंबू, शेवटी लोणी. कडी तेलात विझवायची ती गाजर झाल्यावर. संत्रं झालं की उशीर झाला. ‘आता काय?’ असं ते मधेच विचारायचे आणि दादा डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगायचा. मी एकदा ‘टोमॅटो’ म्हणालो तर बाबा हसून हसून स्टुलावरून खाली आले. म्हणाले, तुला रंग कळणार नाहीत, तू आपला मोडत जा. तेव्हापासून दादा भट्टीवर आणि मी झोक्यावर. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. दादाचं ‘गाजर’ ऐकलं की सगळं ठीक आहे असं मला वाटतं, अजूनही.

बाबांना पुढे भट्टीचा कंटाळा आला. एक दिवस उठले आणि घरी जाऊन बसले. मी तेव्हा कामासाठी बाहेरगावी होतो, परत आलो तर दादा स्टुलावर. बाबा मग दारातल्या पायरीवर ऊन खात बसायचे. विचारलं तर म्हणायचे, पुष्कळ झाली आग. मला ते पटलं होतं.

१२ जानेवारी

वहिनींनी नवीन स्वेटर घातला, निळा. दादा म्हणाला, हा तपकिरी रंग तुला शोभतो. वहिनी ‘हो ना’ म्हणाल्या. मी हसलो तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी वाढलेला भात मुकाट्यानं खाल्ला. नवरा-बायकोच्या थट्टेत तिसऱ्यानं पडू नये हेच खरं.

१४ जानेवारी

दुरून तापमान सांगणारं एक यंत्र मिळतं, पिस्तुलासारखं. ते मागवलं होतं, आज आलं. बर्नर तपासायचा म्हणून दादाच्या मागे उभा राहिलो. भट्टीत खाणीसाठी नवीन कड्या होत्या. दार उघडं, दादा पुढे वाकून बघत होता. मला रंग कळत नाहीत, पण आकडा कळतो. नऊशे जवळ आला, म्हणजे गाजर. मी दादाच्या तोंडाकडे बघत राहिलो. आता म्हणेल, आता म्हणेल. आकडा चढत गेला. हजार झाला. दादा बघतोच आहे. त्याच्याही पुष्कळ पुढे गेल्यावर तो समाधानानं मागे टेकला आणि म्हणाला, ‘गाजर.’

कड्या ठोकून घडवणाऱ्या आमच्या घणवाल्यानं त्या बाहेर ओढल्या. तो माझ्याकडे बघत नव्हता, मी त्याच्याकडे बघत नव्हतो.

मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरलं. पाणी बर्फासारखं होतं. मग आत येऊन म्हटलं, ही खेप खाणीवर पाठवायला वेळ लागेल, पोचवणारा टेम्पो नाही. दादा ‘बरं’ म्हणाला.

१५ जानेवारी

वहिनींनाच विचारलं. दादा अंघोळीला गेला होता. मी म्हटलं, वहिनी, दादाला दिसत नाही का?

त्या भाजी निवडत होत्या. हात थांबले नाहीत. म्हणाल्या, ‘भावोजी, दीड वर्ष झालं. मला वाटलं तुम्हालाही माहितीये, आणि तुम्हीही माझ्यासारखेच सांभाळून घेताय.’

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, अंधारलेल्या पिवळट काचेतून बघावं तसं दिसत असणार, लखलखीतही मंद वाटत असेल. ऑपरेशननं दिसायला लागेल, पण इतकी वर्षं आगीकडे बघून आतलं पटलही खराब झालंय, तेव्हा भट्टीसमोर बसणं कायमचं बंद. एवढं ऐकल्यावर दादा डॉक्टरच्या खुर्चीतून उठून आला तो परत गेला नाही. वहिनींना शपथ घातली, कोणाला सांगायचं नाही. त्यांना एकच भीती होती, रस्त्यात पडेल. भट्टीची त्यांनी काळजी केली नव्हती. म्हणाल्या, तिथे तर तुमचा झोका आहे ना, काही चुकलं तर त्याला कळेल.

दिवे, पेपर, स्वेटर, तापमापक. डोळे दादाचे गेले आणि आंधळा मी होतो.

१६ जानेवारी

गेलो नाही कामावर. सर्दीचं निमित्त सांगितलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला सांगणार? त्याला उठवलं तर तो दिवसभर करणार काय? आणि नाही उठवलं तर पुढच्या वेळी शेकोटी पेटलेली नसेल. दोन्ही गोष्टी मला पक्क्या कळतात आणि तरी पांघरुणाबाहेर यावंसं वाटत नाही. दादा दोनदा जिना चढून विचारायला आला, ताप आहे का. हात कठड्यावरून घासत चढतो तो आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला.

१७ जानेवारी

सांगितलं.

दुपारी गेलो. भट्टी पेटलेली, दादा स्टुलावर. घणवाल्याला मी जेवायला पाठवलं. कसं सुरू करावं ते घोकून गेलो होतो, पण दादाच आधी बोलला. ताडपत्रीखालचं पोतं त्यानं सकाळी चाचपलं होतं. मोडलेल्या कड्यांवरून अंगठा फिरवला होता. साखर हाताला खरखरीत लागते, दोर तसा लागत नाही.

त्यानं विचारलं, त्या दिवशी आकडा किती होता? मी सांगितला.

‘आणि मी काय म्हणालो होतो?’

‘गाजर.’

तो भट्टीकडे वळला. मग म्हणाला, ‘मला अजूनही गाजरच दिसतंय रे.’

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो तसाच बसून बोलायला लागला. बाबांना कंटाळा आला नव्हता. बाबांनाही दिसेनासं झालं होतं. माल जळत होता आणि घणावरची माणसं आपसांत हसत होती. एक दिवस दादा सगळ्यांसमोर म्हणाला, बाबा, उठा. ते उठले, हात पुसले आणि घरी गेले. इथवर दादा नेहमीच्या आवाजात बोलला.

‘त्यावर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, मरेपर्यंत नाही. मी रोज जेवताना वाट बघायचो. चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो.’

भट्टीचा आवाज तेवढा चालू होता.

‘आता तू म्हण,’ दादा म्हणाला. ‘डॉक्टरच्या तोंडून नको आणि खाणवाल्याच्या तर नकोच.’

तिथे तिसरं कोणी नव्हतं, तरी माझा आवाज फार मोठ्यानं आला असं मला वाटलं.

‘दादा, ऊठ.’

तो उठला. स्टुलाला एकदा हात लावला आणि बाजूला झाला. भट्टी पेटलेली होती, माल आत होता, तेव्हा मलाच बसावं लागलं. मी पिस्तूल रोखलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आकडा नीट दिसत नव्हता.

आणि मग दादा जो सुरू झाला. म्हणाला, दार उघडं ठेवून बसलायस, उष्णता काय आकाशाला द्यायचीय का? पाठ सरळ ठेव, बाजारात भाजी विकायला बसलायस का? मोठ्या भावाला उठवताना लाज वाटत नाही, मेल्या? आजवर कधी मला मेल्या म्हणाला नव्हता. माल तेलात गेला तरी थांबला नाही. कारखाना बंद केला, रस्त्यानं माझ्या दंडाला धरून चालत होता आणि बोलत होता. दाताच्या डॉक्टरची थाप, चोरून आणलेलं पोतं, सर्दीचं ढोंग, एकेक काढून मला झोडपत होता. शेजारचा शिंपी दुकानातून बाहेर येऊन बघायला लागला.

सोमवारी डोळ्याच्या डॉक्टरकडे यायला तयार झाला, तेही मला नालायक म्हणता म्हणता.

जेवताना पुन्हा तेच. शेवटी वहिनी म्हणाल्या, अहो पुरे, त्यांना घास तरी गिळू द्या.

‘पुरे कसं? उद्याही बोलणार आहे,’ दादा म्हणाला आणि माझ्या ताटात चाचपडत भात वाढला. ‘परवासुद्धा.’

इतका चिडेल असं मला वाटलं नव्हतं. मनाला फार लागलेलं दिसतंय त्याच्या, निवळायला वेळ जाईल. मी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. का कोण जाणे, भूक मात्र सपाटून लागली होती.